मालमोटारीचा अपघात आणि जखमीचा हक्क

आज ज्या विषयावर मी बोलणार आहें तो निम्मा यंत्रशास्त्राचा आणि निम्मा कायद्याचा आहे. आणि मी ना यंत्रज्ञ, ना वकील. मॅट्रिक झालों, शाळामास्तर झालों आणि हमरस्त्याला लागून असलेल्या एका गांवीं सेवानिवृत्त होईपर्यंत मुलांना गणित व शास्त्र शिकवीत राहिलों. तेव्हां ह्या गृहस्थास ह्या विषयावर बोलण्याचा अधिकार काय, असें कोणी विचारील तर त्याचें उत्तर मला प्रथम दिलें पाहिजे. ह्या बाबतींत मीं एकदां एक सल्ला दिला. तो साफ चुकीचा होता. आणि त्याचें मोल मला नव्हे, दुसऱ्याला द्यावें लागलें.

गोष्ट २००९ सालची. माझा एक जुना विद्यार्थी गांवांत शिवणकाम करी. हात चांगला, लग्नसराईंत त्याच्या दुकानांतला दिवा मध्यरात्रीपर्यंत मालवत नसे. एके दिवशीं सकाळीं तो सायकलीवरून अस्तराचें कापड आणावयास निघाला आणि चौकांत एका ट्रकाच्या डाव्या अंगाला थांबला. ट्रक पुढें सरकला, डावीकडे वळला, आणि सायकलीसकट त्याचा उजवा पाय मागल्या चाकाखालीं सांपडला. ट्रकवाला पळाला नाहीं. उलट दोन दिवसांनीं मालकाचा माणूस इस्पितळांत आला, फार गोड बोलला, त्यानें तीस हजार रुपये काढून ठेवले आणि एक टंकलिखित कागद पुढें केला. घरच्या मंडळींनीं मला बोलावून घेतलें. कारण गांवांत कागद वाचावयाचा तर तो गुरुजींनीं. त्यांत लिहिलें होतें, कीं चूक कोणाचीच नाहीं, आमची कोणाविरुद्ध तक्रार नाहीं, भरपाई पोंचली. मीं तो मोठ्यानें वाचून दाखविला आणि म्हणालों, "कोर्टाची पायरी चढण्यापेक्षां हातीं आलें तें बरें. कर सही."

"गुरुजी, तुम्ही म्हणतां तर करतों," असें म्हणून त्यानें सही केली.

कागद मालकाचा माणूस घेऊन गेला. त्याची एक प्रत आपल्यापाशीं ठेवावी हें मला सुचलें नाहीं. पोलिसांत खबर नोंदविली गेली नाहीं. इस्पितळाचा खर्च तीस हजारांच्या कितीतरी पलीकडे गेला, पाय गुडघ्याखालून काढावा लागला, आणि वर्ष सरण्याच्या आंत शिवणाचें यंत्र विकलें गेलें. पुढें पांच वर्षांनीं आमच्या शाळेंत कायद्याच्या माहितीचें शिबिर भरलें. तेथें आलेल्या एका वकीलबाईंना मीं ही हकीकत सांगितली. त्यांनीं दोनच प्रश्न विचारले. ट्रकाचा नंबर काय? आणि पोलिसांकडे नोंद कोठें आहे? दोहोंचेंहि उत्तर माझ्यापाशीं नव्हतें. त्या दिवसापासून मी ह्या विषयाचा विद्यार्थी झालों.

अपघात 'झाला' असें आपण म्हणतों, जणूं कांहीं तो आभाळांतून पडला. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणें २०२२ ह्या एका वर्षांत देशांत ४,६१,३१२ रस्ते-अपघातांची नोंद झाली व त्यांत १,६८,४९१ माणसें दगावलीं. हे सगळे ट्रकांचे अपघात नव्हेत, हें उघड आहे. परंतु ट्रकाच्या अपघाताचें एक वैशिष्ट्य आहे आणि तेंच मला आज मुख्यतः सांगावयाचें आहे. त्याचें कारण पुष्कळदां अपघाताच्या जागीं नसतेंच. तें आदल्या दिवशीं, शंभर कोसांवर, एखाद्या गोदामाच्या दारांत किंवा मालकाच्या पेढीवर घडलेलें असतें. आणि बहुधा तें कोठल्या ना कोठल्या कागदावर उमटलेलें असतें. जखमीचा हक्क त्या कागदांवर उभा असतो.

आधीं वजनाचें पाहूं. तीन आंसांच्या, दहा चाकांच्या ट्रकाला मालासह पंचवीस टनांची मर्यादा असे. २०१८ सालीं ती वाढवून साडेअठ्ठावीस टन करण्यांत आली. मर्यादा वाढली म्हणून जादा माल भरण्याची हांव संपली असें मात्र झालें नाहीं. वजन दीडपट झालें तर थांबवावयाची शक्ति दीडपट होते. पण वेग दीडपट झाला, म्हणजे ताशीं चाळीस किलोमीटरांचा साठ झाला, तर ती सव्वादोन पट होते. हें सातवीच्या मुलालाहि फळ्यावर पटवितां येतें. पेढीवरच्या माणसाला तें पटत नाहीं, कारण त्याच्या वहींत टनाचें भाडें असतें, वेगाचा वर्ग नसतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला वीस हजार रुपये व शिवाय दर जादा टनाला दोन हजार रुपये दंड आहे, आणि जादा माल उतरविल्याखेरीज गाडी पुढें जाऊं द्यावयाची नाहीं असाहि नियम आहे. वजनकांट्याची पावती ही म्हणूनच मोठ्या कामाची चीज आहे.

आतां घाटाकडे वळूं. 'ब्रेक फेल झाला' हे शब्द आपण वर्तमानपत्रांत वाचतों आणि पान उलटतों. ब्रेक म्हणजे गतीचें घर्षणानें उष्णतेंत रूपांतर करणारें साधन. लांब उतारावर तो सारखा दाबून ठेवला तर चाकाचें पिंप इतकें तापतें, कीं घर्षणच कमी होतें आणि पायाखालचा ब्रेक असून नसल्यासारखा होतो. म्हणून जाणता चालक उताराला लागण्यापूर्वींच खालचा गिअर टाकतो. मग इंजिनच गाडीला मागें ओढून धरतें. डिझेल वांचविण्याच्या लोभानें गिअर सोडून दिला, किंवा इंजिनच बंद केलें, तर हा आधार नाहींसा होतो. इतकेंच नव्हे, तर हवेच्या ब्रेकांना हवा पुरविणारा पंपहि इंजिनाबरोबर थांबतो. पुण्याजवळ कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे जो उतार येतो, तेथें २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्रीं एका ट्रकानें चाळीसांहून अधिक वाहनांना धडक दिली. आरंभीं ब्रेक निकामी झाल्याचें बोललें गेलें. पुढें पोलिसांनीं सांगितलें, कीं चालकानें इंधन वांचविण्यासाठीं उतारावर इंजिन बंद केलें होतें. वांचलेलें डिझेल किती असेल? फार तर दोन-चार लिटर.

परंतु सगळा दोष चालकाच्या माथीं मारून मोकळें होणें हा अन्याय आहे. मीं रस्त्याकांठच्या चहाच्या टपरीवर पुष्कळ ट्रकवाल्यांशीं गप्पा मारल्या आहेत. 'उद्यां सकाळीं माल पोंचला नाहीं तर भाडें कापूं' असा निरोप ज्याला रात्रीं अकरा वाजतां येतो, त्यानें झोपावें केव्हां? मोटार कामगारांच्या कायद्यानें १९६१ सालींच दिवसाचे आठ तास आणि पांच तासांमागें अर्ध्या तासाची विश्रांति घालून दिली होती. श्रमविषयक नव्या संहितेंतहि दिवसाचें काम आठ तासांचेंच आहे. टपरीवर मात्र मला आठ तासांचा माणूस क्वचितच भेटला. उन्हाळ्यांत चालकाची खोली भट्टीसारखी तापते. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकांत ती थंड ठेवण्याची सोय सक्तीची केली आहे, हें चांगलेंच झालें. पण जुने ट्रक रस्त्यावर पुष्कळ वर्षें राहणार. ताशीं साठ किलोमीटर वेगानें जाणारा ट्रक एका सेकंदांत सुमारें सतरा मीटर जातो. तीन सेकंदांची डुलकी म्हणजे पन्नास मीटर, आमच्या शाळेचें पटांगण ह्या टोंकापासून त्या टोंकापर्यंत. चालक किती तास सलग जागा होता हें तो स्वतः सांगणार नाहीं; परंतु टोलनाक्यावरील फास्टॅगच्या नोंदींत प्रत्येक नाक्याची वेळ असते आणि ती खोटें बोलत नाहीं.

माझ्या विद्यार्थ्याचा अपघात ह्यांपैकीं कोणत्याच जातीचा नव्हता. लांब गाडी वळते तेव्हां तिचीं मागचीं चाकें पुढच्या चाकांच्या वाटेनें जात नाहींत. तीं आंतून, कोपरा कापीत जातात. शिवाय आपल्याकडे चालक उजवीकडे, उंचावर बसतो. डाव्या दरवाज्याच्या खालचा आणि नाकासमोरचा कांहीं भाग त्याला मुळींच दिसत नाहीं. सायकलवाल्याला तेथें मोकळी जागा दिसते आणि तो शिरतो. पूर्वीं डाव्या खिडकींतून क्लीनर डोकें बाहेर काढून ओरडत असे. खर्च वांचविण्यासाठीं आतां पुष्कळ गाड्यांवर क्लीनरच नसतो. त्या दिवशींच्या गाडीवरहि तो नव्हता.

रात्रीं रस्त्यावर उभा राहिलेला ट्रक हा आणखी एक यमदूत. टायर बसला, गाडी जागींच सोडली, मागें दिवा नाहीं, लाल पट्टी चिखलानें झांकलेली, आणि चार दगड ठेवून क्लीनर जेवावयास गेला. मागून येणारा मोटरसायकलवाला आपटतो आणि लोक म्हणतात, 'पोरगा जोरांत होता.' श्रोतेहो, असें म्हणण्याची घाई करूं नका. अशाच एका प्रकरणांत, रस्त्यांत दिव्यावांचून उभ्या केलेल्या गाडीवर मोटार आदळली असतां, मोटारवाल्याचाहि कांहीं दोष आहे हें म्हणणें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं मान्य केलें नाहीं.

आतां हक्काकडे येतों. प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. अपघातांतून दोन निरनिराळीं प्रकरणें उत्पन्न होतात. एक फौजदारी: तें सरकार विरुद्ध चालक असें चालतें आणि त्यांत शिक्षा होते किंवा होत नाहीं. दुसरें भरपाईचें: तें जखमी माणूस किंवा मृताचे वारस स्वतः मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढें नेतात. पहिल्यांत गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. दुसऱ्यांत संभव कोणाच्या बाजूला अधिक आहे एवढेंच पाहतात. म्हणून चालक फौजदारींत सुटला तरी भरपाईचा दावा त्यामुळें आपोआप पडत नाहीं. ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळें कित्येक घरीं 'आतां काय उरलें' म्हणून कागद बासनांत बांधून ठेवतात.

भरपाई द्यावयाची कोणीं? चालकाचें काम मालकाचें काम, म्हणून मालकानें. आणि प्रत्येक मोटारीला तिऱ्हाइताचा विमा सक्तीचा असल्यामुळें मालकाच्या वतीनें विमा कंपनीनें. चालकाच्या परवान्यांत दोष होता म्हणून कंपनी पुष्कळदां हात वर करूं पाहते. परंतु सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या निर्णयापासून, अशा प्रकरणांतहि कंपनीनें जखमीला आधीं पैसे द्यावे आणि मग मालकाकडून वसूल करून घ्यावे, असा हुकूम न्यायाधिकरण देऊं शकतें.

दावा कोठें लावावयाचा? अपघात कोल्हापुराजवळ झाला आणि तुम्ही नांदेडला राहतां, तर नांदेडलाच लावतां येतो; मोटार वाहन कायद्याच्या १६६ व्या कलमानें तशी मुभा आहे. मात्र मुदत लक्षांत ठेवा. १९९४ पासून २०२२ पर्यंत ह्या दाव्याला मुदत नव्हती. १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या दिवसापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. तिला न्यायालयांत आव्हान देण्यांत आलें. पण त्या भरंवशावर कोणीं स्वस्थ बसूं नये. गांवांतला एखादा अनुभवी माणूस 'सावकाश करूं, घाई नाहीं' असें सांगत असेल, तर त्याचा अनुभव जुन्या कायद्याचा आहे असें समजावें.

पोलिसांवरहि आतां एक चांगली जबाबदारी आली आहे. त्यांनीं अपघाताचा पहिला अहवाल अठ्ठेचाळीस तासांत व सविस्तर अहवाल नव्वद दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवावयाचा असतो, आणि त्या अहवालालाच न्यायाधिकरण दाव्याचा अर्ज मानूं शकतें. परंतु खबरच नोंदविली नाहीं, तर अहवाल कसला पाठविणार? म्हणून पहिल्याच दिवशीं खबर द्यावी, तिची प्रत मागून घ्यावी, गाडीचा नंबर टिपावा, गाडी हलविण्यापूर्वीं कोणाकडून तरी फोटो काढून घ्यावा. इस्पितळाची प्रत्येक पावती, औषधाची चिठ्ठीसुद्धां, एका पिशवींत जमा करीत जावी. पंचनाम्यांत ट्रकावरील मालाचा व वजनाचा उल्लेख आहे कीं नाहीं हें विचारावें. गाडीचा फिटनेसचा दाखला मुदतींतला होता कीं नाहीं हेंहि पाहावें. आठ वर्षांहून जुन्या मालमोटारीला तो दरवर्षीं नवा करावा लागतो.

आणि आतां त्या तीस हजारांचा हिशेब. जखमीचें अपंगत्व डॉक्टर टक्क्यांनीं लिहून देतात. पण सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालीं स्पष्ट केलें, कीं पाहावयाचें तें शरीर किती टक्के उणें झालें हें नव्हे, तर कमाई किती टक्के उणी झाली हें. एक हात गेलेला कारकून कदाचित् नोकरींत राहील. एक हात गेलेला सुतार राहणार नाहीं. पायानें यंत्र चालविणाऱ्या शिंप्याचा पाय हा त्याचा हातच म्हणावयाचा. (विजेच्या मोटारीचें यंत्र घ्यावें, असें विमा कंपनीचे वकील म्हणतील, म्हणोत बापडे.) माझा विद्यार्थी तेव्हां चौतीस वर्षांचा होता आणि महिना सहा हजार रुपये मिळवी, म्हणजे वर्षाचे बहात्तर हजार. चाळिशीच्या आंतल्या स्वतंत्र धंदेवाल्याच्या भावी वाढीसाठीं त्यांत चाळीस टक्के मिळवावे, असें २०१७ च्या निर्णयानें ठरलें आहे. ते झाले एक लाख आठशें. एकतीस ते पस्तीस ह्या वयाला सोळानें गुणावयाचें, हें कोष्टक २००९ च्या निर्णयांत आहे. गुणाकार सोळा लाख बारा हजार आठशें. कमाईची हानि साठ टक्के धरली तर नऊ लाख सदुसष्ट हजार सहाशें ऐंशी रुपये. इस्पितळाचा खर्च, यातना, कृत्रिम पाय, बुडालेले महिने आणि व्याज हें सर्व वेगळें.

हा हिशेब आजच्या नियमांचा आहे. त्या वेळीं आंकडा कांहीं निराळा निघाला असता. तरीपण मीं तो पाटीवर मांडून त्याला दाखविला. दाखवावा कीं दाखवूं नये, ह्याचा विचार मीं पुष्कळ दिवस केला होता. त्यानें ओळ न् ओळ तपासली, शाळेंत तपासी तशी, आणि म्हणाला, "बेरीज बरोबर आहे, गुरुजी." त्यापुढें आम्ही दोघे ह्या विषयावर बोललों नाहीं. हल्लीं तो काज-बटणांचें काम हातानें करतो.

लगेच हातीं येणाऱ्या पैशाचा मोह केवळ मालकाच्या माणसाकडूनच होतो असें नाहीं. कायद्यांतहि तशी एक वाट आहे आणि ती समजून उमजून धरावी. १६४ व्या कलमाप्रमाणें, चूक कोणाची हें सिद्ध न करतां, मृत्यूबद्दल पांच लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये मिळूं शकतात. ज्याच्या घरीं चूल पेटण्याची भ्रांत आहे त्याला ही मोठीच सोय आहे. पण ही रक्कम स्वीकारली कीं १६६ व्या कलमाचा दावा संपुष्टांत येतो. कमावता तरुण माणूस गेला असेल किंवा कायमचा जायबंदी झाला असेल, तर आधीं वरच्यासारखा हिशेब मांडावा. मृत्यूच्या प्रकरणांत मृताच्या स्वतःच्या खर्चाचा वांटा वजा करतात, मागें चार ते सहा आश्रित असतील तर चौथाई. एवढाच काय तो फरक.

ट्रक पळून गेला आणि नंबर मिळालाच नाहीं, तरी सर्व संपलें असें नाहीं. १६१ व्या कलमाखालीं मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार रुपये मिळतात, आणि त्याचा अर्ज न्यायाधिकरणाकडे नव्हे, तर जेथें अपघात झाला तेथल्या प्रांताधिकाऱ्याकडे किंवा तहसीलदाराकडे करावयाचा असतो. पुढें गाडी सांपडून पूर्ण भरपाई मिळाली तर ही रक्कम तींतून परत जाते. उपचारासाठींहि ५ मे २०२५ पासून अशी योजना लागू झाली आहे, कीं ठरलेल्या इस्पितळांत अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरतां व्हावेत. जखमीला उचलून नेणाऱ्याला पोलीस छळतील, ही भीतिहि आतां बाळगूं नये. त्याला संरक्षण देणारें १३४-अ हें कलम २०१९ च्या दुरुस्तीनें कायद्यांत आलें आहे. वकिलाला द्यावयास पैसे नसतील तर जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे जावें, किंवा १५१०० ह्या क्रमांकावर फोन करावा. स्त्रिया, मुलें, अपंग आणि अनुसूचित जातिजमातींचे लोक ह्यांना उत्पन्नाची अट न लावतां विनामूल्य वकील मिळतो.

वेळ संपत आली, पण एक गोष्ट सांगावयाची राहिली आहे आणि ती आपल्या खेड्यापाड्यांची आहे. लग्नाचें वऱ्हाड, जत्रेची मंडळी, ऊसतोडीच्या टोळ्या ट्रकांत उभ्या राहून जातात. माल वाहणाऱ्या गाडींत माणसें अशीं बसविलीं आणि गाडी उलटली, तर विमा कंपनीवर त्यांची जबाबदारी येत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २००२ सालीं सांगितलें आहे. मग उरतो एकटा मालक. आणि एका ट्रकाच्या मालकाकडून वीस घरांची भरपाई कशी वसूल व्हावयाची? मात्र आपला माल घेऊन जो शेतकरी त्या मालाबरोबर बाजाराला जातो, त्याला १९९४ च्या दुरुस्तीनें विम्याचें छत्र मिळालेलें आहे. टोमॅटोच्या क्रेटांवर बसून पहाटे मार्केट यार्डाकडे निघतांना क्रेट किती, कोणाचे आणि भाडें किती, एवढी चिठ्ठी ट्रकवाल्याच्या सहीनें घ्यावी, आणि तिची दुसरी प्रत घरीं ठेवून जावें.